पीएचपीत प्रोजेक्ट केला तर मुलाखतीत हसतील का?

सांगोला तालुक्यातून पत्र पाठवणाऱ्या विद्यार्थिनीस,

तुझं पत्र मिळालं. इतर वाचकांना संदर्भ लागावा म्हणून आधी थोडक्यात सांगते. तू बीसीएच्या शेवटच्या वर्षाला आहेस. मामांचं गावात दूध संकलन केंद्र आहे. लिटर, फॅट, एसएनएफ (दुधातले फॅट सोडून बाकीचे घन घटक) सगळं वहीत चढतं आणि दहा दिवसांचा दुधाचा पगार काढायच्या रात्री बेरजा जुळत नाहीत. याचंच वेब अ‍ॅप्लिकेशन करून ते प्रोजेक्ट म्हणून द्यायचं तू ठरवलं आहेस. कॉलेजचे सर म्हणतात, पीएचपी (वेबसाइटच्या सर्व्हरवर चालणारी प्रोग्रॅमिंग भाषा) आणि मायएसक्यूएल (डेटाबेस) यांत कर. हिंजवडीत नोकरी करणारा आत्तेभाऊ म्हणतो, "पीएचपी आता कोण करतं? नोड आणि रिअ‍ॅक्ट कर, नाहीतर मुलाखतीत हसतील." ही दोन्ही जावास्क्रिप्ट भाषेवरची साधनं, पहिलं सर्व्हरसाठी, दुसरं पडद्यावर दिसणाऱ्या भागासाठी. लॅपटॉप थोरल्या भावाचा, जुना, ४ जीबी रॅमचा. प्रोजेक्ट मार्चमध्ये जमा करायचा आहे. आणि पत्राच्या तळाशी वडिलांनी वेगळ्या शाईत विचारलं आहे, की पुण्यातला एक क्लास ८० हजारांत नोकरीच्या हमीसह 'फुल स्टॅक', म्हणजे वेबसाइटची दर्शनी आणि सर्व्हरकडची अशी दोन्ही बाजू, शिकवतो, तर कर्ज काढून पाठवावं का.

प्रोजेक्ट पीएचपीतच कर. क्लासबद्दल वडिलांशी शेवटी बोलते.

आत्तेभावाचं सगळंच चुकतं असं नाही, पण तो त्याच्या कंपनीच्या जागेवरून बोलतोय. तिथे वीस जणांची टीम असते, सर्व्हर सांभाळायला वेगळी माणसं असतात. तू एकटी आहेस, आणि मार्चपर्यंत तुला चालणारी गोष्ट दाखवायची आहे. पीएचपीचा मोठा फायदा इथेच आहे. झॅम्प एकदा इन्स्टॉल केलं की अपाची सर्व्हर, मारियाडीबी (मायएसक्यूएलचाच भाऊबंद) डेटाबेस आणि पीएचपी एकत्र येतात. एचटीडॉक्स फोल्डरमध्ये फाइल ठेवायची, ब्राउझरमध्ये लोकलहोस्ट, म्हणजे आपल्याच लॅपटॉपचा पत्ता, उघडायचं. काही बदललं तर सेव्ह करायचं आणि रिफ्रेश करायचं. मध्ये बिल्ड नाही, कंपाइल नाही. नोड-रिअ‍ॅक्टच्या वाटेने गेलीस तर पडद्यावरच्या भागाचा सर्व्हर वेगळा, मागच्या कामाचा वेगळा, दोघांनी एकमेकांशी बोलावं म्हणून वेगळी परवानगी, आणि शेकडो पॅकेजेसचं फोल्डर. हे सगळं तुझ्या ४ जीबीच्या लॅपटॉपवर क्रोम उघडं ठेवून चालवून बघ म्हणजे मी काय म्हणते ते कळेल. तंत्र वाईट नाही, पण त्यातला पहिला महिना जोडणीत जातो आणि दुधाच्या हिशेबाला हात लागेपर्यंत संक्रांत उलटून गेलेली असते.

दुसरा फायदा सहसा कोणी नीट समजावून सांगत नाही, आणि व्हायवाला, म्हणजे तोंडी परीक्षेत, तो विचारला जाऊ शकतो. ब्राउझरकडून विनंती आली की पीएचपीची फाइल पहिल्या ओळीपासून चालते, एचटीएमएल तयार करून पाठवते आणि त्या विनंतीपुरती घेतलेली सगळी मेमरी सोडून देते. पुढची विनंती आली की पुन्हा कोरी पाटी. त्यामुळे एका पानात चूक झाली तर ते पान पडतं, बाकीच्यांचं काम चालू राहतं. नोडमध्ये एकच प्रोसेस जिवंत राहून सगळ्यांना उत्तर देते. एखादी न पकडलेली एरर आली तर ती प्रोसेसच बंद पडते आणि तिला पुन्हा उभं करायला वेगळी व्यवस्था लावावी लागते. ती लावता येते, मोठ्या कंपन्या लावतातच. पण पहाटे साडेपाचला मामा दूध मोजत असताना सर्व्हर बसला तर तो उठवायला तू कॉलेजच्या होस्टेलवरून काय करणार?

याच कोऱ्या पाटीमुळे तुला वेब खऱ्या अर्थाने कळतं. सर्व्हरला मागचं काही आठवत नाही, मग लॉगिन केलेला माणूस पुढच्या पानावर कसा ओळखायचा? म्हणून सेशन, म्हणून कुकी. फॉर्म 'गेट'ने पाठवायचा की 'पोस्ट'ने? पान रिफ्रेश केल्यावर तीच नोंद दोनदा पडते, ती कशी थांबवायची? हे प्रश्न पीएचपीत पहिल्याच आठवड्यात अंगावर येतात. उद्या तू जावात गेलीस, पायथनमध्ये गेलीस, तरी हेच प्रश्न असणार आहेत.

तिसरं होस्टिंग. आपल्याकडे कुठलंही स्वस्त शेअर्ड होस्टिंग घे, त्यावर पीएचपी आणि मायएसक्यूएल असतंच. फाइल मॅनेजरमधून किंवा एफटीपीने फाइली चढवायच्या, डेटाबेस इम्पोर्ट करायचा, कनेक्शनचं नाव-पासवर्ड बदलायचा, झालं. परीक्षकांसमोर तू लोकलहोस्टऐवजी खरा पत्ता उघडून दाखवशील आणि मामा केंद्रावर बसून मोबाइलवर तोच पत्ता उघडतील. मुलाखतीत हसणं-बिसणं राहू दे, "हे सध्या कोण वापरतंय?" या प्रश्नाला ज्याच्याकडे उत्तर असतं त्याचं बोलणं वेगळंच होतं.

आता 'पीएचपी मेली' याबद्दल. या भाषेची सुरुवात तुझ्या सध्याच्या काळजीशी जुळणारी आहे. ग्रीनलंडमध्ये जन्मलेल्या रासमुस लेर्डोर्फने १९९४ मध्ये आपला ऑनलाइन रेझ्युमे कोण कोण बघतं हे मोजायला काही छोटे प्रोग्रॅम सी भाषेत लिहिले. जून १९९५ मध्ये ते 'पर्सनल होम पेज टूल्स' म्हणून सगळ्यांना खुले केले. पुढे झीव सुरास्की आणि अँडी गुटमन्स या इस्राएलमधल्या दोन विद्यार्थ्यांनी तिचा गाभा नव्याने लिहिला आणि १९९८ मध्ये पीएचपी ३ आली. म्हणजे भाषा आधी नीट आखून मग बांधली असं झालंच नाही. ती गरजेप्रमाणे वाढत गेली, आणि त्याच्या खुणा अजून दिसतात. काही फंक्शनांच्या नावात अंडरस्कोर असतो, काहींच्या नसतो. एका फंक्शनला आधी 'कशात शोधायचं' ते द्यायचं, दुसऱ्याला आधी 'काय शोधायचं' ते. चिडचिड होते, मान्य. मॅन्युअल उघडं ठेवायचं.

पण मेलेली भाषा दिसते तरी कशी? जगातल्या ज्या वेबसाइटांची सर्व्हरकडची भाषा ओळखता येते, त्यांत ७० टक्क्यांहून अधिक पीएचपीवर आहेत. वर्डप्रेस हे वेबसाइट बनवायचं तयार सॉफ्टवेअर पीएचपीत आहे आणि जगातल्या ४० टक्क्यांहून अधिक साइट एकट्या वर्डप्रेसवर आहेत. विकिपीडिया, त्यात आपला मराठी विकिपीडियाही आला, मीडियाविकी या पीएचपीतल्या सॉफ्टवेअरवर चालतो. अनेक कॉलेजं ऑनलाइन अभ्यासक्रमासाठी जे मूडल वापरतात तेही पीएचपीच. फेसबुकने ती सोडली, असं आत्तेभाऊ म्हणेल. २००४ मध्ये फेसबुक पीएचपीतच उभं राहिलं. वापरणारे कोटींच्या घरात गेल्यावर त्यांनी आधी पीएचपीचं सी प्लस प्लसमध्ये रूपांतर करणारं साधन बनवलं आणि २०१४ मध्ये पीएचपीतूनच निघालेली हॅक नावाची आपली भाषा आणली. मामांच्या केंद्रावर कोटीभर लोक दूध घालायला लागले की आपण पुन्हा पत्रव्यवहार करू.

भाषा थांबलेलीही नाही. २०१५ च्या डिसेंबरमधली पीएचपी ७ ही ५.६ च्या तुलनेत बऱ्याच कामांत जवळपास दुप्पट वेगाने चालू लागली. नोव्हेंबर २०२० मध्ये ८ आली. शून्य हा आकडा आणि 'एबीसी' हा शब्द समान आहेत असं सांगणारी जुनी तुलना, जिच्यावरून पीएचपीची सगळ्यात जास्त टिंगल व्हायची, ती तिच्यात दुरुस्त झाली.

तुझ्या प्रोजेक्टमध्ये अवघड काय आहे हे मात्र तू पत्रात लिहिलंच नाहीस, आणि तेच परीक्षक विचारतील. भाषा साधी निवडली की डोकं या गोष्टींना मोकळं राहतं, म्हणून जरा सविस्तर लिहिते.

दर फॅट आणि एसएनएफवर ठरतो. गाईच्या दुधाला ३.५ आणि ८.५ हा पाया धरून वर-खाली दर बदलतो, म्हशीचा तक्ता वेगळा. हा दरतक्ता कोडमध्ये 'जर-तर' लावून लिहू नकोस, डेटाबेसमध्ये वेगळं टेबल कर. आणि त्यात 'कोणत्या तारखेपासून लागू' हा रकाना हवाच. दूध संघाने महिन्याच्या मध्येच दर बदलला तर नवा दर नव्या नोंदींना लागला पाहिजे, मागची बिलं हलता कामा नयेत. बहुतेक विद्यार्थी जुना दर पुसून त्या जागी नवा लिहितात, आणि मग मागच्या महिन्याचं बिल पुन्हा छापलं की वेगळाच आकडा येतो. गावात असा एक आकडा चुकला तर लोक पुन्हा वहीकडे वळतात.

पैसे आणि लिटर 'फ्लोट'मध्ये साठवू नकोस. कॉम्प्युटर दशांश अपूर्णांक द्विमान पद्धतीत ठेवतो, त्यामुळे ०.१ आणि ०.२ यांची बेरीज त्याच्या लेखी नेमकी ०.३ होत नाही. एका नोंदीत हे कळणारही नाही, पण दीडशे जणांच्या वीस-वीस वेळांच्या नोंदींच्या बेरजेत पैशांचा फरक दिसू लागतो. मायएसक्यूएलमध्ये 'डेसिमल' प्रकार आहे तो वापर, आणि बिल कुठे पूर्णांकात आणायचं, प्रत्येक नोंदीला की शेवटी, हे मामांना विचारून ठरव. वहीत ते कसं करतात तसंच कर.

पशुखाद्याची आणि उचलीची कपात ही वेगळी नोंद म्हणून ठेव, बिलाच्या आकड्यातून नुसती वजा करून टाकू नकोस. कोणी येऊन "माझे पाचशे कुठे कापले?" असं विचारलं तर तारखेसह दाखवता आलं पाहिजे.

मराठी नावं हा आणखी एक विषय, आणि इथे पीएचपी तुला एकदा तरी फसवेल. 'स्ट्रलेन' हे फंक्शन अक्षरं मोजत नाही, बाइट मोजतं. यूटीएफ-८ मध्ये, म्हणजे सगळ्या लिप्या साठवायच्या प्रचलित पद्धतीत, देवनागरीचं प्रत्येक चिन्ह ३ बाइटचं असतं. म्हणून 'मराठी' हा शब्द त्याला दिलास तर उत्तर १५ येतं. 'एमबी_स्ट्रलेन' वापरलंस तर ५ येतं, कारण ते काना आणि वेलांटीही वेगळी मोजतं. आणि आपण मोजतो तशी ३ अक्षरं हवी असतील तर 'ग्राफीम_स्ट्रलेन'. पावतीवर नाव वीस अक्षरांत कापायचं असेल आणि तू साधं फंक्शन वापरलंस, तर शेवटच्या अक्षराचा एखादा बाइट तुटून तिथे चौकोन उमटेल. डेटाबेस, टेबल आणि कनेक्शन तिन्हींना 'यूटीएफ८एमबी४' ठरवून दे. तिघांपैकी एक राहिलं की नावांच्या जागी प्रश्नचिन्हांची रांग दिसू शकते आणि चूक कुठे आहे ते शोधण्यात एक अख्खा दिवस जातो.

आता साधेपणाची दुसरी बाजू. पीएचपीत वाईट कोड लिहिणं फार सोपं आहे. एकाच फाइलमध्ये एचटीएमएल, क्वेरी (डेटाबेसला दिलेली आज्ञा), हिशेब सगळं कालवलं तरी ते चालतं. एसटीच्या मोडक्या दारासारखं, बंद होत नाही पण गाडी धावते, म्हणून कोणी दुरुस्त करत नाही. तू निदान एवढं पाळ. फॉर्ममधून आलेली किंमत कधीच क्वेरीच्या वाक्यात चिकटवू नकोस, पीडीओ (पीएचपीतली डेटाबेसशी जोडणारी सोय) घेऊन प्रिपेअर्ड स्टेटमेंट वापर, म्हणजे क्वेरी आणि किंमत वेगवेगळी जाते. तसं केलं नाहीस तर नावाच्या रकान्यात कोणीही एसक्यूएल लिहून तुझं अख्खं टेबल वाचू शकतो. पानावर छापताना 'एचटीएमएलस्पेशलकॅर्स'मधून काढ, म्हणजे कोणी भरलेला मजकूर कोड म्हणून चालणार नाही. पासवर्ड 'पासवर्ड_हॅश'ने साठव. हे फंक्शन २०१३ पासून भाषेत आहे, तरीही एमडी५ ही जुनी, सहज फोडता येणारी पद्धत शिकवणारे क्लास अजून आहेत. आणि साइट चढवल्यावर एरर पडद्यावर दाखवणं बंद करून लॉग फाइलमध्ये वळव, नाहीतर डेटाबेसचे तपशील जगाला दिसतात.

शिकताना एक खूण लक्षात ठेव. यूट्यूबवरच्या ज्या व्हिडिओत 'मायएसक्यूएल_कनेक्ट' असं फंक्शन दिसेल तो तिथेच बंद कर. ती फंक्शनं २०१५ च्या पीएचपी ७ मध्येच काढून टाकली आहेत. अशा व्हिडिओतला बाकीचा सल्लाही त्याच वयाचा असतो. एआयकडून कोड लिहून घेणार असशील, आणि घेणारच आहेस, तर तिथेही हीच नजर ठेव. त्याने दिलेल्या क्वेरीत फॉर्मची किंमत थेट चिकटवलेली दिसली तर ती तुला पकडता आली पाहिजे.

लॅरावेल (पीएचपीचं फ्रेमवर्क, म्हणजे तयार सांगाडा) आत्ता की नंतर, असंही तू विचारलं आहेस. नंतर. आधी एकदा साध्या पीएचपीत लॉगिन, नोंद, बदल, यादी आणि बिल एवढं स्वतः लिही. मग सुट्टीत तोच प्रोजेक्ट लॅरावेलमध्ये उतरव. फ्रेमवर्क तुझं कोणतं काम वाचवतं ते तेव्हाच दिसतं. आधीच लॅरावेल घेतलेल्या मुलांना मुलाखतीत "हे मागे काय करतं?" विचारलं की ती छताकडे बघतात.

काही कामांना पीएचपी घेऊ नये हेही सांगून ठेवते. दोघांमधलं चॅट, गाडी कुठे पोहोचली याचा क्षणाक्षणाचा नकाशा, अशा सतत उघड्या जोडणीच्या कामांना नोडसारखी जिवंत प्रोसेसच सोयीची. डेटा सायन्स करायचं असेल तर पायथन. मोबाइल अ‍ॅपचा तर रस्ताच वेगळा. तुझ्या मामांचं काम मात्र दिवसातून दोन वेळा नोंदी आणि दहा दिवसांनी बिलं एवढंच आहे.

नोकरीचं स्पष्ट बोलते. मोठ्या आयटी कंपन्या फ्रेशरला भाषा बघून घेत नाहीत. अ‍ॅप्टिट्यूड, थोडं कोडिंग, एसक्यूएल आणि बोलणं बघतात, मग स्वतः शिकवून हव्या त्या कामावर टाकतात. त्यांच्याकडे जायचं असेल तर रोज तासभर अ‍ॅप्टिट्यूड आणि एखाद्या भाषेतून डेटा स्ट्रक्चर्स कर. पीएचपीची थेट कामं असतात ती पुणे, नाशिक, कोल्हापूर, सोलापूर इथल्या छोट्या कंपन्यांत आणि एजन्सीत. तिथे सुरुवातीचा पगार कमी असतो, पण पहिल्या महिन्यापासून खऱ्या ग्राहकाचं काम हातात पडतं. एक सापळा तेवढा ओळख. नुसत्या वर्डप्रेसच्या थीम बसवून रंग बदलण्याचं काम दोन वर्षं केलं की पुढे कोणी विचारत नाही. प्लगइन लिहायला मिळतंय का, लॅरावेलवर घेतील का, हे रुजू होतानाच विचार. जावास्क्रिप्टही टाळू नकोस. आत्तेभावाचं तेवढं ऐक, कारण ब्राउझरमधलं काम मुख्यतः याच भाषेत होतं. दूध नोंदीच्या पानावर फॅट टाकताच दर दिसावा, हे तूच जावास्क्रिप्टमध्ये लिही. रिअ‍ॅक्ट त्यानंतर सोपं जाईल.

आणि मुलाखतीत कोणी खरंच हसलं, तर त्यांना तो लागू तारखेचा रकाना का ठेवला ते सांग. पुढची दहा मिनिटं त्यावरच जातील.

वडिलांना: आपण विचारलंत ते योग्यच आहे, पण कर्ज काढू नका. नोकरीची हमी कोणताही क्लास देऊ शकत नाही, कारण नोकरी देणारी कंपनी वेगळी असते. तरीही जायचंच ठरलं तर मागच्या बॅचच्या चार-पाच मुलांचे नंबर मागा आणि त्यांना स्वतः फोन करा, वेबसाइटवरच्या फोटोंवर विसंबू नका. 'हमी' म्हणजे नेमकं काय, नोकरी नाही लागली तर फी परत की नुसते आणखी इंटरव्ह्यू, हे कागदावर लिहून घ्या. मूळ मार्कशीट कोणाकडेही जमा करू नका. हप्त्याने फी म्हणतात तेव्हा तो बहुतेकदा एखाद्या फायनान्स कंपनीचा तुमच्या नावावरचा कर्जकरार असतो. क्लास मध्येच सोडला तरी हप्ते चालू राहतात.

मुलीला आत्ता जे शिकायचं आहे ते पीएचपीच्या अधिकृत मॅन्युअलमध्ये फुकट आहे, इंग्रजी वाचायची सवय तेवढी लागेल. खर्च करायचाच असेल तर लॅपटॉपवर करा. सांगोल्यात किंवा पंढरपुरात दुरुस्तीवाल्याला उघडून बघायला सांगा, त्यात रॅमची आणखी एक पट्टी बसत असेल तर ८ जीबी करून घ्या आणि जुनी हार्ड डिस्क काढून एसएसडी टाका. फार खर्च येणार नाही. आणि डोमेन, होस्टिंगचे वर्षाचे पैसे मामांकडून घ्या, सॉफ्टवेअर त्यांच्याच कामाचं आहे.